मचवा आणि उतारूंची सोय

आपल्याकडे समुद्राचा इतिहास सांगावयाचा म्हटलें म्हणजे वक्ता पहिल्या वाक्यांत तोफ डागतो आणि शेवटच्या वाक्यांत निशाण चढवितो. आरमाराच्या पराक्रमाविषयीं मला आदर आहे आणि त्याविषयीं आजहि थोडें बोलावें लागेलच. परंतु ज्या गलबतांवर तो पराक्रम झाला, त्यांत माणूस बसत कोठें असे, निजत कोठें असे, पिण्याचें पाणी कशांत ठेवीत, चूल कोठें मांडीत, ऊन डोक्यावर आलें म्हणजे काय करीत, हें विचारलें तर बहुतेक ग्रंथ गप्प बसतात. घराचा इतिहास लिहितांना आपण जोतें पाहतों, माजघर पाहतों, विहीर कोठें आहे तें पाहतों. नावेच्या बाबतींत मात्र नुसतें शीड पाहून परत फिरतों. म्हणून रायगडच्या किनाऱ्यावरील लहान शिडाच्या गलबतांची बांधणी आणि त्यांतील उतारूंची सोय, यांचें एकमेकांशीं काय नातें होतें, याविषयीं आज चार गोष्टी सांगाव्या असें योजिलें आहे.

हा किनारा म्हणजे १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत त्याचा किनारा. उत्तरेस उरण-करंजा, मग रेवस, मांडवें, थळ, अलिबाग, चौल-रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन, आणि दक्षिणेस सावित्रीच्या मुखाशीं हरिहरेश्वर. मधून मधून पाताळगंगा, अंबा, कुंडलिका या नद्यांच्या मुखांतून समुद्र कित्येक मैल आंत शिरलेला. उधाणाच्या दिवशीं भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यांत साडेचार-पांच मीटरांचें अंतर पडतें. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीच्या वेळीं पायीं जावें आणि भरतीच्या वेळीं त्याच वाटेवर पुरुषभर पाणी पाहावें, हा अनुभव पुष्कळांनीं घेतला असेल. अशा ठिकाणीं खोल तळाची नाव काय कामाची? ओहोटी लागली कीं ती चिखलांत बसणार, आणि बसली तरी कुशीवर पडतां कामा नये. वाऱ्याची गोष्टहि तशीच. पावसाळा सरल्यावर पहांटे जमिनीवरून मतलई सुटते आणि दुपारीं समुद्रावरून वारा येतो. एकानें निघावें, दुसऱ्यानें परतावें, आणि दोहोंच्या मध्यें वारा पडला तर मुकाट्यानें वल्हीं हातांत घ्यावीं, असा येथला जुना दिनक्रम. उथळ पाण्यांत चालणारी, वाऱ्याला जवळून धरणारी आणि वेळप्रसंगीं वल्ह्यांनीं ओढतां येणारी नाव ज्यांना हवी होती, त्यांनीं मचवा निर्माण केला.

मचव्याचा तळ पाहिल्यावांचून मचवा समजत नाहीं. नावेच्या तळाशीं जो लांबलचक कणा असतो, ज्याला आपल्याकडे पठाण म्हणतात, तो विलायती नावेंत बहुधा सरळ असे. आमच्या मचव्याचा, आणि त्याच्या थोरल्या भावाचा म्हणजे फत्तेमारीचा, कणा मध्यें किंचित् वर उचललेला, धनुष्यासारखा असे. पुढची नाळ लांब आणि तिरकी; डोलकाठी ताठ उभी न राहतां पुढें झुकलेली. प्रथम पाहणाऱ्याला वाटे कीं सुताराचा हात चुकला. पण चूक अशी पिढ्यान् पिढ्या एकाच मापानें होत नसते. पुढचा भाग पाण्यांत खोल राहिल्यानें नाव वाऱ्याच्या रेट्यानें आडवी वाहवत नाहीं, आणि मध्यें कणा उचललेला असल्यानें सुकाणूं फिरवितांच ती चटकन् वळते. खाडीच्या वळणांत, खडकांच्या रांगांत, हा गुण म्हणजे प्राणरक्षणच होय.

आतां याची दुसरी बाजू. डोलकाठीला जें आडवें लांबलचक लांकूड टांगलेलें असतें तें परमाण, आणि त्याला बांधलेलें प्रचंड त्रिकोणी शीड. नावेनें वाऱ्यासमोर बाजू बदलली कीं हें सारें ओझें डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावें लागतें. चार खलाशी दोऱ्या घेऊन धांवतात, तांडेल ओरडतो, शीड फडफडतें, आणि त्या क्षणीं पुढच्या भागांत बसलेल्या उतारूनें मान खालीं घातली नाहीं तर त्याची मान धड राहण्याची हमी कोणी देत नाहीं. तेव्हां मचव्याच्या पुढच्या भागावर छप्पर घालणें अशक्य. उतारूंच्या साऱ्या गैरसोयींचें मूळ या एका गोष्टींत आहे. ज्या शिडामुळें नाव चालते, त्याच शिडाला माणसाच्या डोक्यावर सावली धरणारें छप्पर सोसत नाहीं.

लढाऊ गलबतांत हाच प्रश्न वेगळ्या रीतीनें सोडविलेला दिसतो. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें आंग्र्यांच्या गुराबांचें आणि गलबतांचें वर्णन करून ठेविलें आहे. शत्रूनें केलेलें असल्यानें तें बरेंच बारकाईचें आहे. गुराब रुंद बांध्याची आणि कमी पाण्यांत चालणारी. तिची पुढची चोंच लांब बाहेर आलेली. समोरच्या लाटेंत अशी नाव फार आदळते. म्हणून चोंचीवरील डेकला कठडाच ठेवीत नसत. वर आलेलें पाणी अडावयाचें नाहीं, सरळ निघून जावयाचें! आंत बसणाऱ्यांना कोरडें ठेवावयाचें तर मध्यें भक्कम पडदी घालावयाची, आणि त्या पडदीला भोंकें पाडून तोफा समोर रोखावयाच्या. गलबत याहून लहान. सर्वांत मोठें तेंहि सत्तर टनांपलीकडे क्वचित् जाई. चाळीस-पन्नास वल्हीं लावलीं म्हणजे वारा नसतांनाहि तें ताशीं चार मैल तोडी. यांतील एक बारकावा मला फार आवडतो. मोठ्या गलबतांना फळ्यांचा पक्का डेक असे, पण सामान्य गलबतांवर चिरलेल्या बांबूंचा डेक असे, आणि तो कशासाठीं, तर हलकेपणासाठीं. पायाखालीं उभें राहण्यास जागा झाली, खालच्या माणसांना थोडी सावली मिळाली, आणि नावेच्या डोक्यावर ओझेंहि चढलें नाहीं. कोंकणांत ज्याच्या परसांत बांबूचें बेट आहे त्याला ही युक्ति सुचणें स्वाभाविकच. पण ती सुचून ती आरमारांत रूढ होणें, यामागें अनेक नावा कलंडल्याचा अनुभव असला पाहिजे.

१७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराचें एक प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहानहि नकोत, आणि जीं थोर जहाजें वाऱ्यावांचून हलत नाहींत तीं बांधण्याचें प्रयोजन नाहीं, असा त्याचा आशय. लांकडासंबंधींची आज्ञा तर प्रत्येक नौका बांधणाऱ्यानें आजहि वाचावी अशी आहे. आंबा, फणस ही झाडेंहि आरमाराला उपयोगीं. पण रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून त्यांना हात लावूं नये. एखादें झाड अगदीं जीर्ण झालें असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मग तोडावें. नावेची सोय दुसऱ्याच्या परसांतली सावली तोडून करावयाची नाहीं, हा विचार त्या काळीं राज्याच्या आज्ञेंत आलेला आहे.

लहान नावेचें सामर्थ्य काय असतें तें १६७९ सालीं खांदेरीच्या वेढ्यांत दिसलें. शिवाजी महाराजांच्या माणसांनीं मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या त्या बेटावर तट बांधण्यास सुरवात केली, आणि इंग्रजांनीं आपलीं जहाजें आणून बेटाची नाकेबंदी केली. इंग्रजांची मोठी जहाजें वाऱ्याची वाट पाहत नांगरून पडत, आणि थळच्या बाजूनें मराठ्यांच्या लहान होड्या अंधारांत वल्हीं मारीत दगड, चुना, धान्य घेऊन बेटावर पोंचत. त्या वर्षीं १८ ऑक्टोबरला लढाई झाली, इंग्रजांची डोव्हर नांवाची गुराब मराठ्यांच्या हातीं लागली, आणि पुढें १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं तो नाद सोडला. त्या होड्यांत सुखसोय म्हणून कांहीं असेल असें वाटत नाहीं. तीच त्यांची सोय होती म्हणा ना!

उतारूच्या दृष्टीनें पाहिलें तर नावेंतील पहिलें सुख म्हणजे गादी नव्हे, पडदा नव्हे, तर कोरडा तळ. जी नाव गळते तींत बसलेल्या माणसाचे पाय भिजतात एवढेंच नव्हे. तळांत सांचलेलें पाणी, त्यांत पडलेला माशांचा चुरा, कुजलेलें गवत, यांच्या वासानेंच अर्ध्या लोकांना बोट लागते. म्हणून आमच्या कारागिरांनीं आपली बुद्धि पहिल्यानें येथें खर्च केली. मुंबईच्या गोदींत आणि कोंकणच्या बंदरांत फळीला फळी नुसती भिडवून न ठेवतां खांच पाडून एकींत एक बसवीत. मध्यें तेलांत व राळेंत भिजविलेला कापूस दाबीत. जॉन एडी नांवाच्या इंग्रज नौकाबांधणी-अधिकाऱ्यानें १८३४ सालीं फत्तेमारीचें वर्णन प्रसिद्ध केलें. सागवानी फळ्या, खिळ्यांची जोडणी, तळाला इंचभर जाडीच्या फळ्यांचें दुसरें अस्तर, आणि दोहोंच्या मध्यें चुन्याच्या मिश्रणाचा थर. कीड आंत शिरूं नये यासाठीं ही योजना. पण तिच्यामुळें गळती कमी झाली आणि आंतला माल व माणूस दोघेहि कोरडे राहिले. ज्येष्ठांत नाव किनाऱ्यावर ओढून, डोलकाठी उतरवून, नारळीच्या झापांनीं शाकारून ठेवावयाची आणि नारळी पौर्णिमेनंतर सांधे भरून पुन्हां पाण्यांत लोटावयाची, ही वहिवाटहि या कोरडेपणाचीच पहारेकरीण.

पैसेवाल्यांसाठीं मात्र दुसरी नाव होती. रेल्वे येण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जावयाचें तर पनवेलपर्यंत आणि महाबळेश्वरास जावयाचें तर अंबेच्या खाडींतून नागोठण्यापर्यंत किंवा सावित्रीच्या मुखाशीं बाणकोटपर्यंत पाण्यानें जाणें सोयीचें पडे. या प्रवासाला आणि घारापुरीच्या सहलीला ज्या नावा मिळत त्यांना बंदर-बोट म्हणत. शीड देशीच, खलाशी देशीच. पण मागच्या भागावर एक बुटकी खोली, तिला झिलमिलीच्या खिडक्या, आंत दोन्ही बाजूंस गाद्यांचीं बांकें. खोली मागें कां? कारण मागें परमाण फिरत नाहीं. खोली बुटकी कां? कारण ती उंच केली तर वारा तिलाच शीड समजतो. आंत ताठ उभें राहतां येत नाहीं अशी तक्रार करणाऱ्या साहेबाला हें कारण कोणी समजावून दिलें होतें कीं नाहीं, कोण जाणे.

सामान्य उतारूला ही खोली नसे. माझी आजी चौलची. रेवदंड्याहून मुंबईस आगबोट मिळे, तरी भाडें वाचविण्यासाठीं लहानपणीं ती वडिलांबरोबर दोनदां मचव्यांतून गेली होती. तिच्या तोंडून ऐकलेलें वर्णन असें. माल आधीं भरावयाचा, नारळ आणि तांदुळाचीं पोतीं. मालाचेंच नीरम झालें, निराळे दगड नकोत. मग त्या पोत्यांवर माणसें. बायका सुकाण्याच्या जवळ मागच्या बाजूस, कारण तेथें पाण्याचे तुषार कमी. एका लांकडी पेटींत वाळू भरून तीवर चूल. पेज आणि सुकी मासळी खलाशांची, उतारूंनीं आपली भाकरी आणावयाची. पिण्याच्या पाण्याचें एकच पीप, आणि त्यावर तांडेलाची नजर. हातांत चिंच नाहींतर लिंबू, मळमळ आली तर चोखण्यास. आणि शौचाची सोय? पुरुषांसाठीं मागच्या बाजूस बाहेर टांगलेला लांकडी पिंजरा. बायकांसाठीं कांहीं नाहीं. म्हणून बायका आदल्या संध्याकाळपासून पाणीच पीत नसत. आजी त्याला आपली पाण्याची एकादशी म्हणे. वारा पडला आणि चार तासांचा प्रवास दहा तासांचा झाला कीं त्या एकादशीचें काय होई, तें ती सांगत नसे. एवढेंच म्हणे कीं तिच्या एका मावशीला मांडव्यासमोर भोंवळ आली आणि वडिलांनीं आपलें धोतर सोडून आडोसा धरला. बाप्ये तोंड फिरवून बसले. मला वाटतें, आमच्या किनाऱ्यावर उतारूंसाठीं झालेली सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे यंत्र नव्हे, तर एक दार असलेली चार फुटांची कोठडी होय. आणि ती सर्वांत उशीरा आली.

आगबोटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धरमतर, रेवस, रेवदंडा या फेऱ्या करूं लागल्या, तेव्हां लोकांनीं त्यांचें स्वागत केलें यांत नवल नाहीं. डोक्यावर छप्पर, बसण्यास बांकें, वेळेची शाश्वती. पण छप्पर आलें कीं त्यावर माणूस चढतो आणि वजन वर जातें. समई पडत नाहीं ती तिचें बूड जड असतें म्हणून. तिच्या डोक्यावर कळशी ठेविली तर वाऱ्याची झुळूकहि तिला पुरते. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं ‘रामदास’ आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. गटारी अमावास्येसाठीं गांवीं निघालेली गर्दी, पावसाळी समुद्र, वादळी वारा. एका बाजूनें लाट आली, नाव कलली, घाबरलेले लोक एका कडेला धांवले, आणि कांहीं क्षणांत ती पालथी झाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. अलिबाग आणि आसपासच्या तालुक्यांत अनेक गांवांत घरटी सुतक होतें. रेवसकडील कोळ्यांनीं आपल्या होड्या घालून कित्येकांना पाण्यांतून ओढून काढलें. जी मोठी, छपराची, नव्या बांधणीची नाव होती ती बुडाली, आणि उघड्या होड्या माणसें घेऊन किनाऱ्याला लागल्या. यावरून जुनें तेंच चांगलें असा निष्कर्ष मी काढणार नाहीं. जुने मचवेहि बुडत, आणि पावसाळ्यांत ते उतारू घेऊन निघतच नसत. परंतु पोत्यांवर बसलेला मचव्यांतला उतारू तळाशीं होता, आणि वरच्या मजल्यावरचा उतारू स्वतःच डोक्यावरची कळशी झाला होता, हा फरक नजरेआड करतां येत नाहीं.

पुढचा भाग थोडक्यांत सांगतों. १९५० नंतरच्या दोन दशकांत मासेमारीच्या नावांना यंत्रें बसूं लागलीं. सरकारनें कर्जें दिलीं, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे नौका-रेखक भारतांत येऊन नवे आराखडे करून गेले. जुन्या सांगाड्यांत यंत्र बसविणें सोपें नव्हतें. शिडाच्या नावेचा मागचा भाग पंख्यासाठीं केलेला नसतो, आणि यंत्राच्या हादऱ्यानें कापूस भरलेले सांधे ढिले होतात. तेव्हां मागचा भाग भरदार झाला, कण्याचें धनुष्य हळूहळू सरळ झालें, परमाण गेलें, आणि परमाण गेल्याबरोबर ज्या जागेवर शेंकडों वर्षें छप्पर चालत नव्हतें तेथें केबिन उभी राहिली. मासळीसाठीं बर्फाचा कप्पा आला, खलाशांना निजण्यास फळी आली. शीड मात्र गेलें. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह माणसें नेणारी मोठी नौका सुरू झाली. तिच्यांत बसलेल्या मुलाला आपण पाण्यावर आहों हें खिडकींतून पाहून कळतें.

शिडाची नाव पुन्हां मनावर घेणारेहि निघाले. गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली गेली, आणि नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्यें तींतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईस परतले. अशा नावेंत खोली असते, शय्या असते, पण त्या शय्येला बाजूनें कठडा लागतो, भांड्याला चुलीवर अडसर लागतो, आणि जड तें सारें तळाशीं ठेवावें लागतें. पोत्यांचेंच शास्त्र, जरा नीटनेटक्या अक्षरांत लिहिलेलें.

कांहीं वर्षांपूर्वीं मी राजपुरीहून जंजिऱ्यास गेलों होतों. उतारूंना किल्ल्यांत नेणाऱ्या शिडाच्या होड्या तेथें होत्या. मार्गशीर्षाचें ऊन, कडेच्या फळ्यांवर तीस-चाळीस माणसें, त्यांत एक वृद्ध बाई पदर डोक्यावर ओढून बसलेल्या. मीं तांडेलाला शहाणपणानें विचारलें, “मामा, चार बांबू लावून वर ताडपत्री कां नाहीं बांधीत? म्हाताऱ्या माणसांना बरें पडेल.” त्यानें माझ्याकडे पाहिलें, मग वर शिडाकडे पाहिलें, आणि कांहींच न बोलतां सुकाणूं थोडें दाबलें. नाव फिरली. शिडाची मोठी सांवली सरकत सरकत आली आणि बरोबर त्या बाईंच्या अंगावर पडली. किल्ल्याचा दरवाजा अजून दिसत नव्हता. जंजिऱ्याचा दरवाजा अगदीं जवळ गेल्यावांचून दिसतच नाहीं. पायऱ्यांशीं नाव लागली तेव्हां तांडेलानें पहिल्यानें त्या बाईंचा हात धरला, आणि लाट वर येईपर्यंत त्यांना थांबावयास सांगितलें.